भाऊ, आधी प्रोजेक्टर सरळ ठेवा

भाऊ, खोक्यावरच्या हजारो लुमेन्सवर जाऊ नका, अँसी लुमेन्स, म्हणजे ठरलेल्या मानकानं मोजलेला उजेड, किती ते विचारा. 'फुल एचडी सपोर्ट' म्हणजे मूळ रिझोल्यूशन (प्रोजेक्टर खरोखर दाखवतो ते चित्राचे ठिपके) तेवढंच असेल असं नाही, तेही विचारून घ्या.

चित्र तिरपं आलं की लोक लगेच कीस्टोन (तिरपं चित्र चौकोनी करायची सोय) फिरवतात. तसं करू नका, त्यानं चित्राची धार जाते. स्टुलाखाली पाटी सरकवा, पण लेन्स भिंतीसमोर सरळच हवी. 100 इंची चित्राला सव्वासात फूट रुंद, चुना मारलेली भिंत पुरते.

आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा आणि धूळ. कूलरच्या ओल्या हवेत प्रोजेक्टर ठेवू नका. मागची जाळी भिंतीपासून हातभर दूर राहू द्या. सोयाबीन निघालं त्या हंगामात माझ्या पडद्यावर राखाडी डाग दिसू लागला. मला वाटलं पॅनेल, म्हणजे आतला चित्र तयार करणारा भाग, गेलं. उघडलं तर थ्रेशरचा भुसा आत बसलेला! रबरी फुग्यानं हलकेच फुंकर मारली, डाग गेला. कापडानं मात्र पुसू नका, ओरखडे पडतात.

व्होल्टेज वरखाली होतं, स्टॅबिलायझर घ्याच. आवाज ओठांच्या मागे पडत असेल तर ब्लूटूथ सोडा, साधी वायर लावा.