'श्पेट्स्ले'ला शेवया म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जर्मन पाककृती मराठीत लिहिताना 'श्पेट्स्ले'ला शेवया म्हटलं तर चालेल का? आणि 'क्नोडल' व 'क्लोस' (पाण्यात शिजवलेले गोळे) हे वेगळे पदार्थ की एकाचीच दोन नावं?

शेवया नको. शेवई म्हटली की वाळवलेली लांब तार डोळ्यांपुढे येते. श्पेट्स्लेचं पीठ ना लाटायचं ना वळायचं. मैदा, सढळ हाताने अंडी, मीठ आणि थोडं पाणी असं सैलसर पीठ फेटायचं, ओल्या लाकडी फळीवर पसरायचं आणि सुरीच्या पात्याने बारीक पट्ट्या खरवडून थेट उकळत्या पाण्यात सोडायच्या. तरंगून वर आल्या की उपसायच्या. एक पट्टी दुसरीसारखी नसते, आणि त्या वेड्यावाकड्या कडांमुळेच रस्सा छान धरला जातो. तेच पीठ झाऱ्यातून बुंदीसारखं पाडलं की होतात 'क्नोप्फ्ले', म्हणजे छोटी बटणं. युरोपीय संघाने २०१२ मध्ये भौगोलिक मानांकन दिलं तेही या दोन्ही नावांना मिळून.

हे खाणं श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबियाचं. 'श्पाट्स' म्हणजे चिमणा आणि '-ले' हा तिकडच्या बोलीतला लघुत्वदर्शक प्रत्यय, अशी व्युत्पत्ती सहसा देतात. जर्मनमध्ये असं लाडकं रूप हटकून नपुंसकलिंगी होतं. आपणही पोरगा-पोरगीचं 'पोरगं' करतोच, तेव्हा मराठीतही 'ते श्पेट्स्ले' म्हणावं. उच्चाराची तर चिंताच नको: मधला 'ट्स' म्हणजे 'चमचा'तला च. हिंदीभाषकांना तो मुद्दाम शिकावा लागतो, आपल्या तो तोंडातच आहे.

क्नोडल आणि क्लोस यांत फरक मुख्यतः प्रदेशाचा. बव्हेरिया-ऑस्ट्रियात क्नोडल, थुरिंगियात आणि उत्तरेकडे क्लोस. कशाचे, ते नावाआधी जोडतात: 'झेमलक्नोडल' शिळ्या पावाचे, 'कार्टोफेलक्नोडल' बटाट्याचे. इथे मात्र मराठी शब्द खुशाल वापरा. 'बटाट्याचे गोळे' म्हटल्याने काही बिघडत नाही. 'डंपलिंग' लिहिलंत तर वाचणाऱ्याला मोमो आठवतील.

'नूडल' हा शब्दही जपून. इंग्रजीने तो जर्मन 'नूडल'वरूनच उचलला, पण मूळ शब्दाचा पसारा मोठा आहे. 'शुप्फनूडल' म्हणजे बोटाएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या बटाट्याच्या वळकट्या. आणि 'डाम्प्फनूडल' तर यीस्टने फुगवलेला, झाकण ठेवून वाफवलेला पाव. त्याला नूडल्स समजून काटा फिरवायला जाल तर फसाल.