फ्रायर गर्दीच्या वेळी पायलटसकट विझतो, थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. मिस्त्री गॅस व्हॉल्व्ह बदला म्हणतोय. बदलावा का?

इतक्यात बदलू नका. सकाळी पायलट (बर्नर पेटवायला सतत जळत राहणारी छोटी ज्योत) नीट पेटतो, बर्नरही लागतो, काम जोरात आलं की दोन्ही एकदम विझतात आणि थोडं थांबल्यावर पुन्हा पेटतात, असं तुम्ही लिहिलं आहे. या लक्षणांमध्ये व्हॉल्व्हवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. व्यावसायिक स्वयंपाकघरांतली गॅसची उपकरणं दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. धडधाकट व्हॉल्व्ह काढून टाकलेला पाहिला की फार वाईट वाटतं, कारण महागडा नवा व्हॉल्व्ह बसतो आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

तुमच्या वर्णनावरून फ्रायर बाहेरच्या विजेशिवाय चालणारा दिसतो. अशा फ्रायरमध्ये पायलटची ज्योत थर्मोपाइल नावाची कांडी तापवते आणि त्या उष्णतेतून थोडी वीज तयार होते. नव्या थर्मोपाइलला काहीही जोडलेलं नसताना साधारण ५०० ते ७५० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे पेन्सिल सेलच्या फार तर निम्मे. एवढ्याशा विजेवर व्हॉल्व्हमधली कॉइल गॅस उघडा धरून ठेवते. बऱ्याच मॉडेलमध्ये हाय-लिमिट, म्हणजे तेल धोक्याइतकं तापलं की गॅस बंद पाडणारा सुरक्षा-स्विच, याच सर्किटमध्ये ओळीने जोडलेला असतो. घरातल्या वायरिंगमध्ये एखादी पिन जराशी सैल असली तरी दिवा लागतो. इथे तसं चालत नाही. तेलकट पिन, हिरवट पडलेलं टर्मिनल, हाय-लिमिटच्या आत काळे पडलेले पॉइंट, यातला एक-दोन ओहमचा अडथळासुद्धा कॉइलची पकड सुटायला पुरतो. मग व्हॉल्व्ह बंद होतो, आणि तो बंद होतो म्हणजे आपलं काम चोख करतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच गोष्ट करा. पुढच्या वेळी फ्रायर विझला की त्याच क्षणी वेगळ्या, खात्रीच्या थर्मामीटरने तेलाचं तापमान घ्या. नॉबवरच्या आकड्यावर विसंबू नका. पुढचा सगळा तपास या एका आकड्यावर ठरतो.

तेल २२० अंशांच्या आसपास किंवा वर गेलेलं असेल, तर हाय-लिमिटने तुम्हाला वाचवलं आहे. तिथे खरा दोष तेल इतकं तापू देणाऱ्याचा. बहुधा तो थर्मोस्टॅट निघतो: टाकीतल्या, तापमान ओळखणाऱ्या त्याच्या बल्बवर जळक्या तेलाचा जाड थर बसलेला असतो, बल्ब क्लिपमधून निसटलेला असतो, नाहीतर आतले पॉइंट चिकटलेले असतात. बर्नर चालू असताना थर्मोस्टॅटची एक वायर व्हॉल्व्हवरून काढून पाहा. बर्नर लगेच विझला तर व्हॉल्व्ह ठीक आहे, थर्मोस्टॅट बदला. वायर काढूनही बर्नर जळतच राहिला तर मात्र मिस्त्री बरोबर आहे. तेव्हा मुख्य कॉक बंद करा आणि नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत तो फ्रायर पेटवू नका.

तेल १७०-१८० अंशांवरच असताना विझत असेल, तर मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. पायलट आणि बर्नर चालू असताना हाय-लिमिटच्या दोन टोकांवर मोजा. रीडिंग जवळजवळ शून्य हवं. तिथे पन्नास-शंभर मिलिव्होल्ट दिसले, तर कॉइलपर्यंत पोचायची वीज वाटेतच खर्च होते आहे. आधी पिना साफ करून घट्ट बसवा आणि पुन्हा मोजा. फरक पडला नाही तर हाय-लिमिट बदला.

हाय-लिमिट ठीक निघाला तर पायलटकडे वळा. ज्योत निळी हवी आणि थर्मोपाइलच्या टोकाचा वरचा सेंटीमीटरभर भाग तिने वेढलेला हवा. पिवळी, लोळणारी किंवा बारकी ज्योत कांडीला पुरेशी तापवत नाही. पायलटचा जेट काढून हवेच्या फवाऱ्याने साफ करून घ्यावा. त्यात तार किंवा सुई अजिबात घालू देऊ नका. भोक मोठं झालं की ज्योतीचा आकार कायमचा बिघडतो. ज्योत चांगली असूनही व्होल्टेज कमी भरत असेल, तर थर्मोपाइल थकला आहे. तो स्वस्त भाग आहे आणि झिजणाराच आहे, त्यामुळे तो बदलताना फार विचार करू नका.

तुमच्या प्रश्नातला ‘गर्दीच्या वेळी’ हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या वेळी त्याच गॅसलाइनवरची बाकीची उपकरणंही पूर्ण चालू असतात. लाइन बारीक असेल, रेग्युलेटर अपुरा असेल किंवा सिलिंडर गार पडून दाब उतरला असेल, तर पायलट नेमका तेव्हाच बारीक होतो. सगळं चालू ठेवून मॅनोमीटरने, म्हणजे दाब मोजायच्या उपकरणाने, बर्नरच्या गॅसचा दाब मोजून घ्या. नैसर्गिक गॅसवर तो बहुतेक फ्रायरमध्ये पाण्याच्या ४ इंचांच्या आसपास असतो, एलपीजीवर १० ते ११ इंच. तुमच्या मशीनचा नेमका आकडा नेमप्लेटवर असेल. एक्झॉस्ट जास्त वेगावर टाकल्यावर ज्योत ओढली जाते का, हेही वाकून पाहा.

हाय-लिमिट किंवा थर्मोस्टॅट बदलायची वेळ आली तर तेल थंड करून पूर्ण काढा आणि गॅस बंद करा. दोन्हींचे बल्ब टाकीच्या भिंतीतून आत जातात आणि दिसायला जुळे असतात, म्हणून पार्ट नंबर पाहूनच घ्या. बल्बला जोडलेली बारीक कॅपिलरी नळी कुठेही तीव्र वळणात मोडू नका आणि बल्ब बास्केटचा धक्का लागणार नाही असा मूळ क्लिपमध्येच बसवा. फिटिंगला त्या तापमानाला टिकणारा सीलंट लावा. तिथून झिरपणारं तेल थेट बर्नरच्या दिशेने जातं. व्हॉल्व्ह, जेट, पाइप यांना हात लावायचं काम मात्र परवानाधारक माणसाचंच. काम झाल्यावर तो प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावतो की नाही, हे उभं राहून पाहा. पेटवताना ज्योत गेली तर निदान पाच मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खालच्या कप्प्यात साठून राहतो.

आणि कुणी ‘हाय-लिमिट डायरेक्ट करून देतो, आजचा दिवस निघेल’ म्हणालं, तर कृपा करून त्याला मशीनला हात लावू देऊ नका. खाद्यतेल साधारण ३६० अंशांच्या आसपास ठिणगीशिवाय आपोआप पेटतं आणि वापरून जुनं झालेलं तेल त्याही आधी. हाय-लिमिट नसेल तर चिकटलेला थर्मोस्टॅट आणि ती आग यांच्यामध्ये काहीही उरत नाही. मला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, कारण त्या टाकीसमोर बहुतेक वेळा मालक नसतो, पगारावरचा एखादा मुलगा उभा असतो.

नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर बर्नर तीन-चार वेळा आपोआप बंद-चालू होऊ द्या. मग टाकीच्या मध्यात, बल्बच्या पातळीवर तापमान घ्या आणि नॉबशी ताडून पाहा. पहिल्या फेरीत तेल ठरलेल्या आकड्याच्या वर जातंच, तेवढ्यावरून कॅलिब्रेशनचा स्क्रू फिरवू नका.