सीआरपी १४८ वरून १३? आधी एकक बघा
तुम्ही लिहिलंय की आईला न्यूमोनिया झालाय, सोमवारी सीआरपी (शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) १४८ होता, गुरुवारी दुसऱ्या लॅबमध्ये १३ आला, प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गाचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ०.२ आहे, ताप मात्र अजून १०१ पर्यंत जातोय. तर अँटिबायोटिक थांबवलं तर चालेल का? वाचून पोटात गोळाच आला. तीन वर्षांपूर्वी माझ्या हातात असेच दोन कागद होते, बाबांचे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि आकड्यापुढे काय छापलंय ते वाचा. पहिल्यावर मिलिग्रॅम प्रति लिटर आणि दुसऱ्यावर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर दुसरा आकडा दहाने गुणा. म्हणजे आईचा सीआरपी १३ नव्हे, १३० आहे. तीन दिवसांत जागचा हललेलाही नाही म्हणा ना.

बाबांचे आकडे होते १६२ आणि १४.५. मी तर आनंदाने घरच्या ग्रुपवर आलेखसुद्धा काढून टाकला होता! बाबा म्हणत होते, श्वास घेतला की उजव्या कुशीत कळ येते. मी म्हटलं, "बाबा, रिपोर्ट बघा ना, कसा झरझर उतरलाय." याहून मोठा मूर्खपणा म्हणजे डॉक्टरांना फोनवर नुसतं "साडेचौदावर आला" एवढंच सांगितलं. एकक सांगितलं नाही, कागदाचा फोटो पाठवला नाही, कुशीतल्या कळीचं तर नावच काढलं नाही. ते म्हणाले, छान, सोमवारी या. सोमवारी सोनोग्राफीत फुप्फुसाभोवती पू साठलेला दिसला. नळी घालावी लागली आणि पुढचे अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये गेले.

त्या लॅबला फोन केला तर उत्तर काय, "मॅडम, नॉर्मल रेंज खाली दिलेली आहे." दिलेली होती, खरंच. दुसऱ्या पानावर, मुंगीच्या अक्षरात: ०.५ पेक्षा कमी. पहिल्या लॅबच्या कागदावर ५ पेक्षा कमी होती. निदान एकक तरी ठळक छापा म्हटलं, तर "सॉफ्टवेअरच तसं आहे". तीन ईमेल केले, उत्तर एकाचं आलं, तेही आपोआप जाणारं. असो, तो राग अजून गेलेला नाही.

आता वाटतं, मला नुसत्या हिशेबानेही शंका यायला हवी होती. सीआरपी यकृतात तयार होतो. चेतवणी, म्हणजे संसर्ग किंवा दाहाची ठिणगी, मिळाली की सहा-आठ तासांत वाढायला लागतो, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो, आणि चेतवणी थांबली की दर १९ तासांनी निम्मा होतो. १४८ चा तीन दिवसांत १३ होऊ शकतो, पण यकृताने पहिल्याच तासाला हात आखडता घेतला तरच. ताप १०१ असताना ते कसं व्हायचं? औषध लागू पडत असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आकडा निम्म्याखाली यावा, अशी ढोबळ अपेक्षा असते. नाही आला तर कुठे पू साठलाय का, औषध चुकतंय का, हे शोधायचं असतं.

प्रोकॅल्सिटोनिनच्या ०.२ वरही विसंबू नका. बाबांचं ०.३ होतं! मायकोप्लाझ्मासारख्या जंतूंमध्ये किंवा एका जागी कोंडलेल्या पुवात ते कमीच राहू शकतं, आणि उलट किडनी निकामी असेल किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल तर जंतुसंसर्ग नसतानाही वाढतं. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना तर स्पष्टच म्हणतात की लक्षणं आणि एक्स-रे दोन्ही न्यूमोनियाचे असतील, तर प्रोकॅल्सिटोनिन काहीही असो, अँटिबायोटिक सुरू करा. माझं मत विचाराल तर या चाचण्या निदानापेक्षा पुढे काय होतंय ते बघायला जास्त कामाच्या आहेत. एकटा आकडा तुम्हाला शरीरात कुठेतरी दाह आहे एवढंच सांगतो. फुप्फुसात की सांध्यात की आणखी कुठे, ते नाही.

जाता जाता: हृदयविकाराचा धोका बघायची हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी यासाठी करायची नसते, नाव सारखं दिसतं म्हणून घोटाळा होतो. स्टेरॉइड चालू असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या जंतुसंसर्गात वाढतात, त्या त्यानेही वाढतात. संधिवातासाठी टोसिलिझुमॅब चालू असेल, तर आत काहीही चाललेलं असलं तरी सीआरपी दबलेलाच दिसू शकतो, तेव्हा आईची सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. पुढची तपासणी पहिल्याच लॅबमध्ये करा.

अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने बंद करू नका. दोन्ही कागदांचे फोटो आजच डॉक्टरांना पाठवा, एककं दिसतील असे. आणि आईला विचारा, खोल श्वास घेतला की कुशीत टोचतं का. हो म्हणाल्या, किंवा धाप वाढली असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका.