माणदेशातलं रान

प्रश्न असा आलाय: व्यंकटेश माडगूळकरांच्या लिखाणात माणदेशाची माया आहे म्हणतात, पण त्यांची माणसं उठली की 'रानात' जातात. त्या दुष्काळी मुलखात जंगल आलं कुठून? आणि ती 'मातीची ओढ' नेमकी कुठल्या शब्दांत दिसते?

'मातीची ओढ' आधी बाजूला ठेवा. सांगलीतल्या दर सत्काराला हे ऐकून कान किटलेत. आमच्याकडं 'मातीला जाणं' म्हणजे मयताला जाणं. असली ओढ कुणाला हवीय?

रान म्हणजे शेत. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, कुठंही विचारा. काळं रान, मुरमाड रान, पडीक रान. पाऊस उघडला की रान वापशावर, म्हणजे मशागत-पेरणीजोग्या ओलीवर येतं. जंगल येत नाही. कोशात जंगल हा अर्थ पहिला बसलाय म्हणून इथल्या माणसानं कुऱ्हाड घेऊन निघायचं का?

खरी गंमत पुढंच आहे. अरण्य, प्राकृतात रण्ण, मराठीत रान. कर्ण-कण्ण-कान, पर्ण-पण्ण-पान, तसंच हे. सुरुवातीचा 'अ' गळाला, जसा अरघट्टाचा रहाट होताना गळाला. काही हौशी मंडळी रानाचं नातं कच्छच्या रणाशी लावतात. ते रण संस्कृत 'इरिण'मधलं, म्हणजे ओसाड खारी जमीन. रण्णातला जोड ण्ण मराठीत न झाला; इरिणातला ण एकेरी, म्हणून ण-च राहिला. एवढं तरी बघून बोलावं!

पण अरण्याच्याही मागं 'अरण' आहे, आणि ऋग्वेदात अरण म्हणजे परका, लांबचा. अरण्य म्हणजे गावाच्या शिवेपलीकडचा परका मुलूख. तोच शब्द झिजत झिजत माणगंगेकाठी आला आणि 'आमचं रान' झाला! मायेचं विचारत होता ना? माडगूळकरांना रानाला 'लाडकं', 'प्रेमळ' असलं काही चिकटवावं लागत नाही. नुसतं रान म्हटलं की घरचं झालं.

आता 'जिवाचं रान करणं'. यातलं रानही जंगलच, असं सांगणारे पुष्कळ. मला पटत नाही. माझ्या मते ते नांगरलेलं रान आहे: उलथून टाकलेलं, ढेकळं वर आलेली, पावसाची वाट बघत उन्हात तापत पडलेलं. जीव तसा उलथायचा, म्हणजे जिवाचं रान. जंगल करायला काय कष्ट लागतात? हात लावला नाही की आपोआप माजतं. तरी ज्यांचा हट्ट असेल त्यांनी मे महिन्यात आटपाडीला येऊन दिवसभर कुळव धरावा, मग वाद घालू.