जुन्या मारुती व्हॅनमध्ये हिरवं कूलंट टाकू की लाल? की साधं पाणी चालेल?

तुमची 2004 ची ओम्नी, रेडिएटरमधून गंजकं पाणी निघालं, आणि मेकॅनिक म्हणतो इंदूरात बर्फ कुठे पडतो, पाणीच टाका. हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकतोय, मेकॅनिककडून नाही, आमच्या मोठ्या साडूंकडून. म्हणून लिहायला बसलो.

बर्फाचा इथे संबंधच नाही हो. कूलंटमधल्या ग्लायकॉल नावाच्या रसायनाने पाणी गोठत नाही हे खरं, पण आपल्याला ते उकळू नये म्हणून हवंय. अर्धं कूलंट अर्धं पाणी असलं की उघड्यावर साधारण 107 डिग्रीला उकळतं, वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब असतो त्यामुळे आणखी उशिरा. आणि मुख्य म्हणजे गंज. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं, नुसतं पाणी त्याला हळूहळू खातं, आणि बोअरिंगचं पाणी असलं तर आत खार बसतो तो वेगळा, चहाच्या भांड्याला बसतो ना तसाच.

तर साडू. मे महिन्यात सगळ्यांना घेऊन ओंकारेश्वरला गेले, गाडी माझी. येताना भेरूघाटात ट्रकच्या मागे सेकंड गिअरमध्ये रांगत चढताना काटा वर गेला, मागून मुलं ओरडली वास येतोय म्हणून, तरी हे म्हणे घाट संपू दे, मग वाफ दिसली तेव्हा कुठे थांबले. थांबून काय केलं, तर सीट उचलली (ओम्नीचं इंजिन सीटखालीच), टॉवेल धरून गरम झाकण फिरवलं, मनगट भाजून घेतलं, आणि देवासाठी नर्मदेचं पाणी कॅन भरून आणलेलं होतं ते सगळं आत ओतलं. बायकोने अडवलं तर म्हणाले, "मैय्याचं पाणी आहे, काही होत नाही." तापलेल्या हेडवर गार पाणी! हेड वाकलं, त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सील, उडालं, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइल दुधाच्या चहासारखं. सिमरोलपासून टोचन करून आणली. हेडला फेसिंग मारलं, म्हणजे घासून सपाट केलं, गॅस्केट, लेबर, सगळं मी भरलं, आणि त्यानंतर कुठलीही मुंज असो, केळवण असो, पंगतीत हे सुरू, "यांच्या त्या रंगीत पाण्याने इंजिन खाल्लं, आमची अँबॅसडर जन्मभर पाण्यावर चालली." चालली असेल. दर घाटात बॉनेट उघडून उभी पण राहायची, ते कोण सांगणार.

तुमचं रंगाचं. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. जुन्या पद्धतीचं, जे बहुतेक हिरवं येतं, ते दोन वर्षांनी बदलायचं. ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं, बरेचदा लाल किंवा नारिंगी, ते पाचेक वर्षं जातं. जुन्या गाडीला मी तरी साधं हिरवंच टाकतो. पण आधीचं काय आहे माहीत नसेल तर वरून ओतू नका, पूर्ण काढा. गाडी थंड असताना खालून काढायचं, डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, परत काढायचं, स्वच्छ निघेपर्यंत. मग हळूहळू भरायचं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, बुडबुडे थांबेपर्यंत, हवा अडकली की नवीन कूलंट असून पण गाडी तापते. डब्यावर रेडी टू यूज लिहिलं असेल तर पाणी मिसळू नका, कॉन्सन्ट्रेट असेल तर नुसतं टाकू नका, नुसतं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता ओढत नाही. आणि मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू म्हणाला तर दुसरा मेकॅनिक बघा.

वरून ओतू नका हे इतकं ठासून सांगतोय कारण ते मीच केलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत लेव्हल कमी दिसली, छोटी ग्वालटोलीत दुकानदार म्हणाला "सब एक ही है भिया, कलर का फरक है", आणि मी हिरव्यावर लाल ओतलं. रेडिएटर खोलला तेव्हा नळ्यांत तपकिरी चिखल होता, जेलीसारखा. म्हणजे गाडी तापली ती कदाचित माझ्यामुळे. पण हेड वाकलं ते त्या गार पाण्याने, यावर मी ठाम आहे, आणि चिखलाचं साडूंना अजून सांगितलेलं नाही.

हां, एलपीजी किट असेल तर त्याच्या रिड्युसरमधून, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागातून, पण हेच कूलंट फिरतं, ते पाइप धुवायला विसरू नका. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण नवीन घ्या. आणि काढलेलं कूलंट नालीत नाही, कॅनमध्ये. गोड लागतं म्हणून गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात.