कोलेको या अमेरिकन कंपनीचा 1981चा टेबलटॉप पॅक-मॅन (टेबलावर ठेवून खेळायचा इलेक्ट्रॉनिक खेळ) मडगावच्या घरी सापडला, पण सुरू होत नाही. टाकून द्यावा का?

अजिबात टाकू नका. अशा खेळात बहुतेक वेळा बिघडलेले असतात ते फक्त सेलच्या कप्प्यातले पत्रे. पणजीत जुनी यंत्रं दुरुस्त करताना मला हेच दिसतं, आपल्या पावसाळ्यात गंज लवकर चढतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पत्रे घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा, मग सी आकाराचे चार नवे सेल घाला. सोबत अमेरिकन अडॅप्टर असेल तर तो 120 व्होल्टचा, आपल्या 230 व्होल्टला लावू नका. चित्र एलसीडीवर नाही, निर्वात काचेत स्वतःच्या प्रकाशाने चमकतं. अंधारात फार सुंदर दिसतं! मात्र काचेतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो डिस्प्ले दुरुस्त होत नाही.