डोंगरउतारावरच्या मळ्यातली सेंद्रिय रेड वाइन आणली, तळाशी गाळ दिसतोय. खराब झाली का?

नाही. तो द्राक्षाचा रंग, टॅनिन (सालीबियांतला तुरट घटक) आणि टार्टरेटचे (द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे) बारीक खडे. उताराचा संबंध नाही; वाइन फारशी न गाळता बाटलीत भरली की असं होतं.

बाटली 24 तास उभी ठेवा. मग मानेखाली टॉर्च धरून एका दमात, सावकाश दुसऱ्या भांड्यात ओता. काळी रेघ मानेपर्यंत सरकली की थांबा. शेवटचा घोटभर जातो, हळहळू नका.

खरी खराबी नाकाला कळते: व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास. युरोपीय संघात कोरड्या (गोड नसलेल्या) सेंद्रिय रेडला सल्फाइटची, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या रसायनाची, मर्यादा लिटरमागे 100 मिलिग्रॅम, सेंद्रिय नसलेल्या रेडला 150. संरक्षण कमी, म्हणून उघडल्यावर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, 2-3 दिवसांत संपवा.